मे महिन्यात वसईला लग्न : नवऱ्या मुलाने सूट शिवावा की टक्सिडो?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझे लग्न आहे आणि गेला महिनाभर आमच्या घरी एकाच गोष्टीवर खल चालला आहे, म्हणून येथील जाणकारांपुढे विषय मांडतो. आम्ही नाशिकचे, मुलगी वसईची, कॅथलिक कुटुंबातली. नाशिकला सकाळी वैदिक पद्धतीने लग्न लागेल. तेथे सोवळे आणि उपरणे ठरलेले आहे, त्याविषयी प्रश्न नाही. चार दिवसांनी वसईला त्यांच्या चर्चमध्ये दुपारी चार वाजता विवाहविधी आहे आणि त्याच संध्याकाळी साडेसातला मैदानावर मांडव घालून स्वागतसमारंभ आहे. दोन्हीकडचे मिळून सहाशेच्या आसपास पाहुणे असतील.

माझ्या मनात साधा, गडद निळा सूट आहे. मुलीचा धाकटा भाऊ, जो माझा करवला होणार आहे, त्याने मात्र टक्सिडोचा हट्ट धरला आहे. "सूट तर तुम्ही नोकरीच्या मुलाखतीलाही घालता, लग्नात वेगळे काय दिसणार?" असा त्याचा सवाल असून त्यावर मला पटकन उत्तर सुचलेले नाही. सासरेबुवांनी जावयाच्या सुटाचे कापड आम्हीच घेणार असे सांगून ठेवले आहे आणि माझ्या वडिलांनी ते मान्यही केले आहे, त्यामुळे निर्णय लवकर व्हायला हवा.

दोन दुकाने पालथी घातली. पहिल्या दुकानात टक्सिडो म्हणून जे दाखवले, तो काळा कोट होता. त्याची कॉलर चकचकीत होती, तिच्यावर बारीक टिकल्या होत्या, पँटला पट्ट्यासाठी लूप होते आणि सोबत लाल लांब टाय होता. दुसऱ्या दुकानात हेच मरून रंगात होते. हे घालून धर्मगुरूंसमोर उभे राहण्याची कल्पना मला करवत नाही. पण टक्सिडो म्हणजे हेच असते का, हेही मला ठाऊक नाही.

माझी उंची ५ फूट ६ इंच आहे आणि पोट थोडे सुटलेले आहे. बूट धरून खर्चाची मर्यादा ४५ हजार रुपये आहे. दुपारी चारला टक्सिडो घालणे रीतीला धरून आहे का, वसईच्या मे महिन्यात या दोहोंपैकी काय सोसवेल, आणि लग्नानंतर पुन्हा अंगावर चढेल असे काय, एवढेच विचारायचे आहे.

कातरकाम

प्रथम अभिनंदन. दादरला आमचे वडिलांच्या वेळेपासूनचे शिलाईचे दुकान आहे आणि मी स्वतः एकोणतीस वर्षे कातर चालवत आहे, तेव्हा दुकानदाराच्या नव्हे तर कारागिराच्या बाजूने सांगतो.

तुम्हाला दाखवलेल्या दोन्ही वस्तू टक्सिडो नव्हेत. बाजारात चकचकीत कॉलरच्या कोणत्याही कोटाला ते नाव चिकटवण्याची प्रथा पडली आहे, म्हणून आधी मूळ वस्तू समजून घ्या. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावरील हेन्री पूल या पेढीने १८६५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, घरगुती भोजनाला घालण्याजोगा एक आखूड कोट शिवला होता, आणि मागे लांब शेपट्या असलेल्या कोटाऐवजी संध्याकाळी चालेल अशा या कपड्याची गणना तेथूनच करतात. पुढे १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क येथील श्रीमंतांच्या क्लबात तो रूढ झाला आणि अमेरिकेत त्याला त्या गावाचे नाव मिळाले. इंग्लंडमध्ये त्याला आजही डिनर जॅकेटच म्हणतात. म्हणजे जन्मापासूनच हा रात्रीच्या जेवणाचा पोशाख आहे, आणि संध्याकाळी सहाच्या आत तो घालू नये हा संकेत त्यातूनच आला. वसईत मे महिन्यात सूर्य सातच्या पुढे मावळतो. चार वाजता तुम्ही चर्चच्या पायऱ्या चढाल तेव्हा लख्ख ऊन असेल, आणि काळ्या साटिनवर ते ऊन पडले की कॉलर करड्या रंगाची आणि तेलकट दिसते. संकेत बाजूला ठेवला तरी निव्वळ डोळ्यांना ते बरे दिसत नाही.

खऱ्या टक्सिडोच्या लॅपलवर, म्हणजे कॉलरपासून छातीवर दुमडलेल्या पट्टीवर, साटिन किंवा बारीक रेघांचे ग्रोग्रेन रेशीम असते, बटणे त्याच कापडाने मढवलेली असतात, पँटच्या बाहेरच्या शिवणीवरून वरपासून खालपर्यंत त्याच रेशमाची पट्टी जाते आणि पट्ट्याचे लूप मुळीच नसतात. पँट बाजूच्या बकलांवर किंवा गॅलिसवर तोलून धरतात. कंबर झाकण्यासाठी एकतर खोल गळ्याचे जाकीट असते किंवा चुण्यांचा रुंद पट्टा असतो, ज्याला इंग्रज कमरबंद म्हणतात. शब्द आपल्याकडचाच आहे. हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी उन्हामुळे जाकीट टाकून तो कमरेला गुंडाळला आणि मायदेशी नेला. शर्टाच्या छातीला चुण्या किंवा जाड विणीचे कापड, मनगटाला दुहेरी घडी, कफलिंक, काळा बो टाय आणि काळे, बिनानक्षीचे बूट. यातील एकेक गोष्ट सोडत गेलात की शेवटी उरतो तो चकचकीत कॉलरचा सूट. तुमच्या मर्यादेत हे सगळे चांगल्या दर्जाचे बसणार नाही हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

आता कापडाविषयी, कारण मे महिन्यात खरा प्रश्न कॉलरचा नसून कापडाचा आहे. दुकानात तयार मिळणारे बहुतेक कोट पॉलिस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्रणाचे असतात आणि आतले अस्तरही पॉलिस्टरचेच असते; म्हणजे अंगाभोवती दोन प्लास्टिकच्या पिशव्या. तुम्ही शुद्ध लोकर घ्या. लोकर म्हटले की लोकांना हिवाळा आठवतो, परंतु साध्या उभ्या-आडव्या विणीची, मीटरला २४० ते २६० ग्रॅम वजनाची लोकर अंगातला घाम बाहेर जाऊ देते आणि लटकवून ठेवली की रात्रीत सुरकुत्याही सोडते. लिनन हवेशीर खरे, पण चर्चमध्ये अर्धा तास बसून उठलात की कोपर आणि मांड्या चुरगळलेल्या कागदासारख्या दिसतील. दुकानदार सुपर १२०, सुपर १५० असे आकडे फेकतील. तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा असतो, टिकाऊपणाचा नव्हे. १२० च्या पुढे तुमचे काही अडलेले नाही. अस्तर फक्त खांदे, बाह्या आणि पाठीचा वरचा भाग एवढेच लावून घ्या, उरलेली पाठ मोकळी ठेवायला सांगा.

शिलाईत एक गोष्ट बघा. कोटाच्या सगळ्यात खालच्या काजाच्या थोडे खाली कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि बाहेरचे व आतले कापड हलकेच वेगळे करा. दोहोंच्या मध्ये तिसरा, सुटा पदर बोटांना लागला तर आत कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारे टाक्यांनी धरलेले कापड, आहे. तो लागला नाही आणि बाहेरचे कापड पुठ्ठ्यासारखे ताठ वाटले, तर ते फ्युजिंग आहे, म्हणजे गरम इस्त्रीने चिकटवलेले. फ्युजिंग वाईटच असे नाही, पण दोन-चार ड्रायक्लीननंतर छातीवर फुगे येऊ शकतात. छातीपुरता कॅनव्हास आणि खाली फ्युजिंग हा मधला मार्ग तुमच्या मर्यादेत बसेल.

तुमच्या अंगलटीला एकेरी बटणपट्टीचा, दोन बटणांचा कोट घ्या. गोल, शालीसारखी कॉलर टाळा, कारण ती गोलाईला गोलाई जोडते. टोके वर खांद्याकडे जाणारी लॅपल घेतलीत तर छाती रुंद आणि उंची थोडी जास्त वाटते. पँट नाभीजवळ बसू द्या. पोटाच्या खाली पट्टा आवळला की पोट कोटाबाहेर डोकावते आणि बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण दिसू लागतो. फोटोंत तेवढे एकच दिसते, बाकी काही दिसत नाही.

तिरकस

सहाशे पाहुण्यांत एकट्यानेच काळा बो लावलेला असेल, तर निम्मे पाहुणे त्याला सूप कुठे आहे म्हणून विचारतील. माझ्या मावसभावाला स्वतःच्याच स्वागतसमारंभात एका आजोबांनी पाण्याचा ग्लास आणायला सांगितले होते, आणि त्याने तो आणूनही दिला.

वसईचा वारा

माझे माहेर आणि सासर दोन्ही वसईतले. तीन भाऊ आणि दोन दीर यांच्या लग्नांची तयारी मी जवळून पाहिली आहे, त्यामुळे शिलाईतले काही कळत नसले तरी त्या दिवशी काय काय होते ते नीट सांगू शकेन.

आमच्याकडे नवरा मुलगा चर्चमध्ये सुटातच येतो आणि ती चाल आजची नाही. माझ्या आजोबांच्या लग्नाच्या फोटोतही सूट आहे. मागून आणलेला असावा असा आमचा संशय आहे, कारण बाह्या बोटांपर्यंत आल्या आहेत. परंतु आजीच्या मते त्या दिवशी ते राजबिंडे दिसत होते. तेव्हा सूट साधा दिसेल ही काळजी सोडा. आमच्याकडे तो मुलाखतीचा पोशाख समजला जात नाही, लग्नाचाच समजला जातो. तुमच्या मेहुण्याला माझे नाव न सांगता एवढे जरूर सांगा की करवल्याने नवऱ्या मुलापेक्षा जास्त झगमगायचे नसते, नाहीतर तो स्वतःच टक्सिडो घालून उभा राहील.

चर्चमध्ये वातानुकूलन नसेल असे धरून चाला. छत उंच असते, पंखे फिरतात, पण वेदीपुढे तुम्ही दोघे बसता तेथे वारा पोचेलच असे नाही. धर्म वेगळे असले की बहुधा मिस्साशिवाय, म्हणजे चर्चमधल्या पूर्ण उपासनेशिवाय, विवाहविधी करतात, त्यामुळे वेळ थोडा कमी लागेल. तो किती, हे फादरना आधी विचारून ठेवा. या विधीत तुम्हाला गुडघे टेकायला सांगतील आणि त्या वेळी तुमची पाठ सगळ्या मंडळींकडे असेल. माझ्या मधल्या भावाच्या लग्नात त्याने गुडघे टेकले आणि दोन्ही बुटांच्या तळव्यांवर किमतीची चिकटपट्टी तशीच होती. मागच्या बाकांवरची पोरे ती मोठ्याने वाचत होती. बूट आदल्या दिवशी उलटे करून पाहा, आणि पँट गुडघ्यात तंग नाही ना, हे ट्रायलला खरोखर गुडघे टेकून तपासा.

चर्चमधून निघाल्यावर फोटो, मग बँडबरोबर मांडवापर्यंत चालत, मग केक, टोस्ट आणि नाच. सहाशे लोक हस्तांदोलन करतील, त्यांतले निम्मे मिठी मारतील. तुमच्या नाशिकच्या मंडळींनी निशिगंधाचे ओले हार आणले तर तेही गळ्यात पडणारच. म्हणून कोट कोणताही असो, एकसारखे दोन पांढरे शर्ट घ्या आणि सात वाजता शर्ट बदला. आहेराची पाकिटे कोटाच्या खिशात कोंबू नका. करवल्याच्या हाती पिशवी द्या. त्याला काहीतरी काम हवेच आहे.

आणखी एक, मुलीच्या गाऊनचा रंग विचारून घ्या. पांढरा म्हणतात तो बहुतेक वेळा हस्तिदंती असतो. त्याच्या शेजारी निळसर झाक असलेला पांढराशुभ्र शर्ट आला की गाऊन मळका वाटतो. गाऊनच्या कापडाचा तुकडा मागवून शर्टाचे कापड त्याला लावून पाहा.

हडसनकाठ

मी गेली चौदा वर्षे न्यू जर्सीत आहे आणि येथेच टक्सिडो घालून माझे लग्न झाले, तेव्हा कोणीतरी त्याची बाजू घ्यायला हवी म्हणून लिहितो. ‘कातरकाम’ यांनी इतिहास अचूक सांगितला आहे. त्यांच्या मताशी मात्र मी पूर्ण सहमत नाही, कारण टक्सिडोचे सौंदर्य त्याच्या एकसारखेपणात आहे. काळा-पांढरा, दुसरा रंग नाही, नक्षी नाही. सगळ्यांचे लक्ष नवरीकडे जाते आणि वीस वर्षांनी फोटो पाहिला तर त्या सालच्या फॅशनचे हसू येत नाही. १९७० च्या दशकातील आपल्या वडीलधाऱ्यांचे रुंद टाय आणि त्याहून रुंद कॉलर आठवून पाहा. अमेरिकेत दुपारच्या लग्नातही नवरे टक्सिडो सर्रास घालतात, सहाच्या नियमाचा बाऊ कोणी करत नाही.

तरीही तुमच्या प्रसंगी मी तो सुचवणार नाही, आणि त्याचे कारण ‘तिरकस’ यांनी विनोदात सांगून टाकले आहे. येथे निमंत्रणपत्रिकेवरच तसा पोशाख घालून येण्याची विनंती छापलेली असते आणि पाहुणे त्याप्रमाणे येतात. नवरा त्या घोळक्यातलाच एक असतो आणि म्हणून शोभतो. वसईत काका, मामा आणि तुमचे कार्यालयातले मित्र नेहमीच्या सुटात, सफारीत किंवा झब्ब्यात येतील, आणि तेथे तुमचा एकट्याचा काळा बो नाटकातल्या पात्रासारखा दिसेल.

भाड्याने घेण्याचा विचार कोणी डोक्यात घातला असेल तर माझा अनुभव ऐका. येथील एका भाड्याच्या दुकानात दीड महिना आधी मापे दिली होती. कपडे लग्नाच्या दोन दिवस आधी हातात आले आणि बाह्या दीड इंच आखूड निघाल्या. बदली कोट आला तो लग्नाच्या सकाळी, आणि त्याच्या खिशात आधीच्या नवरदेवाच्या जेवणाचे बिल होते. त्याने कोळंबी खाल्ली होती. भाड्याचा कपडा वाईट असतो असे नाही, पण त्यात शिवणीला माया, म्हणजे सैल करता यावे म्हणून आत सोडलेले जादा कापड, नसते आणि तुमच्यासाठी वेळही नसतो.

उन्हासाठी एक तिसरा पर्यायही आहे. गरम देशांत डिनर जॅकेटचा हस्तिदंती रंगाचा प्रकार घालतात. कोट पांढुरका, लॅपल त्याच कापडाची म्हणजे बिनसाटिनची, आणि पँट काळी. कागदावर तो तुमच्या मे महिन्याला अगदी योग्य आहे. पण ‘वसईचा वारा’ यांनी गाऊनबद्दल लिहिलेले वाचल्यावर मीच कचरलो, कारण दोन वेगवेगळे हस्तिदंती रंग शेजारी उभे राहिले की त्यांतला एक धुवायला काढल्यासारखा वाटतो.

मला विचाराल तर चर्चला सूट आणि संध्याकाळी फक्त वरचा कोट बदलून डिनर जॅकेट, असा मध्य काढता येईल का ते पाहा.

कातरकाम

‘हडसनकाठ’, तुमचा मध्य दिसायला सोपा आहे, पण पँट आडवी येते. सुटाच्या पँटला रेशमी पट्टी नसते आणि सुटाचे निळे कापड काळ्या डिनर जॅकेटखाली उसने आणल्यासारखे दिसते. म्हणजे पुन्हा दुसरी पँट, दुसरा शर्ट, दुसरे बूट. ४५ हजारांत दोन अर्धवट पोशाख होण्यापेक्षा एक पुरता झालेला बरा.

‘वसईचा वारा’ यांनी हारांचा उल्लेख केला त्यावरून आठवले, म्हणून सांगतो. साटिनवर पाण्याचा थेंब पडला की वाळल्यावर कडा उमटते आणि ती जात नाही. ओला निशिगंध, झेंडूचा पराग आणि कोटाला फूल टोचण्यासाठी लावलेली टाचणी, हे तिन्ही साटिनचे वैरी आहेत. टाचणीचे भोक लोकरीत बुजते, कारण तिचे तंतू पुन्हा जागेवर येतात. साटिनमध्ये ते कायमचे राहते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आलेले असे दोन कोट मी पाहिले आहेत आणि दोन्ही वेळा लॅपल पूर्ण उसवून नवी लावावी लागली. तुमच्या शिंप्याला डाव्या लॅपलवर खरे, कापलेले काज करायला सांगा आणि मागच्या बाजूला दोऱ्याचा छोटा फास ठेवायला सांगा. फुलाचे देठ त्यातून जाते, टाचणी लागतच नाही.

निळाई

हा विषय वाचून थोडे वेगळे लिहावेसे वाटले. माझे लग्न बौद्ध पद्धतीने झाले. सकाळी त्रिशरण-पंचशीलाच्या वेळी आम्ही दोघे पांढऱ्या वस्त्रांत होतो आणि संध्याकाळच्या समारंभाला मी निळा सूट घातला. तो निळाच का, हे आमच्या घरी कोणाला विचारावे लागले नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिले की पुरे. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना चांगले कापड अंगावर घालण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्यासाठी नीट बेतलेला सूट ही फॅशन नसते. माझ्या वडिलांनी माझ्या कोटाची कॉलर स्वतःच्या हाताने सरळ केली तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण मला ते पुरेसे कळले.

‘सूट तर मुलाखतीलाही घालतात’ हे तुमच्या मेहुण्याचे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. तो सूट मी नंतर बहिणीच्या लग्नात घातला, दोन वेळा १४ एप्रिलला घातला आणि गेल्या वर्षी मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमालाही घातला. टक्सिडो घातला असता तर यांतल्या एकाही ठिकाणी जाता आले नसते.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा मी घरच्यांना वाचून दाखवला आणि नंतर व्हिडिओ कॉलवर वसईलाही. कोळंबीच्या बिलापाशी सासरेबुवांना हसू आवरले नाही आणि त्यानंतर टक्सिडोचा विषय कोणी काढला नाही. मेहुण्याने एक अट घातली आहे की त्याच्या सुटाचा रंग तो स्वतः निवडेल. त्याने बाटलीसारखा हिरवा रंग निवडला तर मी काय करावे, हा वेगळा प्रश्न होईल.

तर एकेरी बटणपट्टीचा, जवळजवळ काळा वाटेल इतका गडद निळा सूट आणि दोन शर्ट, असे ठरले आहे. सासरेबुवा येत्या शनिवारी कापड घ्यायला निघत आहेत. ‘कातरकाम’, किती मीटर सांगू? आणि संध्याकाळी थोडा बदल म्हणून शर्टाबरोबर टाय काढून काळा बो लावला तर चालेल का?

कातरकाम

दुकानात ५८ ते ६० इंच पन्ह्याचे कापड मिळेल. कोट आणि एका पँटला तुमच्या अंगाने सव्वातीन मीटर घ्या. माझे ऐकाल तर साडेचार मीटर घेऊन त्याच कापडाच्या दोन पँट शिवा, कारण कोटाआधी पँट झिजते, आणि नाच झाल्यावर तुम्हाला दुसऱ्या दिवशी हे पटेल. निळा रंग दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली ठरवू नका. थान दारापर्यंत आणायला सांगा आणि उन्हात पाहा. तेथे निळाच दिसला पाहिजे. नंतर तेच कापड पिवळ्या दिव्याखाली धरा. तेथे ते काळ्यापेक्षाही गडद दिसेल. संध्याकाळच्या पोशाखातही जाणकार काळ्याऐवजी मध्यरात्रीचा निळा निवडतात ते याच कारणाने, तेव्हा तुमच्या मेहुण्याचे म्हणणे मांडवातल्या दिव्यांनी थोडेफार पुरे होईल.

बो लावू नका. साध्या लॅपलच्या सुटावर काळा बो बांधला की टक्सिडो शिवायला निघालो होतो आणि पैसे संपले, असे दिसते. बदल हवाच असेल तर चर्चला रुपेरी टाय लावा आणि संध्याकाळी गर्द, बिननक्षीचा विणीचा रेशमी टाय.

कापड मार्चच्या पहिल्या आठवड्यात शिंप्याकडे पोचले पाहिजे. लग्नसराईत कारागिरांच्या हाती कामाचा ढीग असतो आणि जो उशिरा येतो त्याचा कोट रात्रपाळीत शिवला जातो. पहिली ट्रायल कच्च्या टाक्यांवर घ्या, दुसरी एप्रिलच्या मध्यावर, आणि दोन्ही वेळा लग्नाचेच बूट आणि लग्नाचाच शर्ट घालून जा, कारण बुटाची टाच पाव इंचाने बदलली तरी पँटची लांबी चुकते. कोटाच्या बाहीखाली शर्टाचा कफ अर्धा इंच दिसला पाहिजे. कंबरेला आणि पाठीच्या शिवणीला निदान एक-एक इंच माया ठेवायला सांगा. नाशिकच्या लग्नानंतर वसईच्या लग्नापर्यंत चार दिवस आहेत आणि त्या चार दिवसांत दोन्हीकडचे नातेवाईक तुम्हाला जेवायला बोलावणार आहेत.